पुरसोबाबांचं लोडशेडिंग

आमच्या गोव्यातल्या आमोणे गावातले पुरसोबाब एक दिवसाआड सकाळी स्वतःचा दंड करकचून बांधून घेतात आणि मग गावातल्या वीजचोरांची नावं मोठ्याने म्हणतात.

वीजचोर आजचे नव्हेत. जुने, म्हणजे चतुर्थीच्या रोषणाईसाठी खांबावरच्या तारेवर आकडा टाकणारे, पोरीच्या लग्नाचा अख्खा मांडव फुकटात उजळणारे. पुरसोबाब लायटीच्या खात्यात लाइनमन होते आणि हे सगळे आकडे त्यांनी आपल्या हातांनी काढले होते. त्यातले अर्धे लोक आता देवाघरी गेले. उरलेले अर्धे देवळाच्या कमिटीवर आहेत.

दृश्य असं असतं. घराच्या दर्शनी सोप्यावर पुरसोबाब चड्डी-बनियनवर बसलेले. डाव्या दंडावर बीपी मोजतात तसला रुंद पट्टा, त्यात हवा भरलेली. हातात उकड्या तांदळाची एक किलोची पिशवी. ती खालीवर, खालीवर. पहिली काही मिनिटं चेहरा साईबाबांसारखा शांत. मग कपाळावर घाम, मग ओठ आवळलेले, मग डोळे बाहेर. एक किलो तांदूळ उचलताना माणसाला पोतं उचलल्यासारखी धाप लागलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आणि मग हवा सोडली की फुस्स आवाज होतो आणि यादी सुरू होते.

"वरच्या वाड्यावरून धरूया. पिंपळाकडचा खांब, दत्तारामाचं घर, आकडा. पुढचा खांब, विठूचं घर, आकडा. त्याच्या पुढचा खांब, भटजीचं घर, दोन आकडे."

पाव घेऊन येणारा पोदेर सायकलचा भोंपू वाजवायचा थांबतो आणि विचारतो, "बीपी वाढलो काय बाब?"

"बीपी न्हय रे. मेंदवाचो व्यायाम."

पोदेर त्यांच्या दंडाकडे बघतो, मग डोक्याकडे बघतो, आणि चार पावांऐवजी पाच देऊन निघून जातो.

मी शेजारी राहतो. नाव मुकुंद, वय पन्नाशीच्या पुढे, डिचोलीतल्या एका शाळेत कारकून. स्वभावाने कमी बोलणारा. बायको म्हणते, तुमच्याशी बोलण्यापेक्षा फ्रिजशी बोललेलं बरं, तो निदान मधूनमधून गुरगुरतो. पण पुरसोबाबांविषयी लिहायचं तर एक गोष्ट आधीच सांगून टाकायला हवी, नाहीतर पुढचं सगळं हसणं खोटं ठरेल. मी त्यांच्यावर नेमलेला हेर आहे. त्यांच्या सोप्यावर बसतो, त्यांच्या हातचा चहा पितो, आणि ते आज काय करत होते ते त्यांच्या पुण्याच्या मुलीला फोनवर सांगतो.

मुलीचं नाव शिल्पा. पूर्वी ती रोज फोन करायची, पण आईला. ती आई, म्हणजे आमच्या काकी, गेल्या आणि त्या फोनचं काय करायचं ते कोणालाच कळेना. पुरसोबाबांनी आयुष्यभर तक्रारींचा फोन घेतलेला. तो लवकर ठेवायचा असतो, कारण दुसऱ्या कुणाचीतरी तार तुटलेली असते. त्यामुळे मुलीचा फोन आला की ते म्हणायचे, "हॅलो. पुरसो. सगळं चालू. ठेवतो." आणि ठेवायचे. शेवटी शिल्पाने मला गाठलं. "मुकुंददादा, तू शेजारी आहेस. बाबांवर जरा नजर ठेव. डोकं जरासुद्धा हललंय असं वाटलं तर सांग. मी त्यांना इकडे घेऊन येते. घराला कुलूप." मी हो म्हटलं. नाही म्हणायला शब्द जास्त लागतात.

तेव्हा मी दर आयतवारी, म्हणजे रविवारी, कळवायचो, "बरे आहेत." ती म्हणायची, "बरं." संपलं.

मग पुरसोबाब पडले. तीस वर्षं खांबावर चढून जो माणूस कधी घसरला नाही, तो आपल्या घरच्या न्हाणीत साबणावरून घसरला. गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मांडी काडीसारखी झाली. डिचोलीला व्यायाम करून घेणारी एक तरुण डॉक्टर आहे, पुरसोबाब तिला डॉक्टरबाय म्हणतात. तिने मांडीला पट्टा बांधला, हवा भरली, आणि पायाला चिमुकलं वजन लावून तो हलवायला सांगितला.

मी बरोबर होतो, म्हणून तिने काय सांगितलं ते मला नीट आठवतं. ती म्हणाली, पट्ट्याने रक्त पुरतं बंद करायचं नाही, अडवायचं. आलेलं रक्त लवकर परत जात नाही, स्नायू हलक्या वजनालाही लगेच थकतो, आणि मेंदूला वाटतं की भलतं जड काम चाललंय. मग तो जोर लावून हुकूम पाठवतो, एरवी आळसावलेले स्नायूचे धागेही कामाला लागतात. म्हाताऱ्या माणसाला, ऑपरेशन झालेल्याला जड वजन झेपत नाही, त्याला याचा उपयोग. पुरसोबाबांनी विचारलं, "मग मेंदवाचाही व्यायाम होतो?" ती प्रामाणिक पोरगी. म्हणाली, अशा व्यायामानंतर थोडा वेळ लक्ष चांगलं लागतं, आठवण सुधारते का, हे काही लोक तपासून बघतायत, पण अजून खात्रीने काही म्हणता येत नाही.

पुरसोबाबांनी यातला "पण" पर्यंतचा भाग घरी आणला.

घरी आल्याबरोबर त्यांनी स्कूटरच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि दंडाला बांधली. हात जांभळासारखा झाला. मी आरडाओरडा केला, म्हणजे माझ्या मानाने. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना डॉक्टरबायकडे घेऊन गेलो. तिने अशी काही खरडपट्टी काढली की बाहेर रांगेत बसलेल्या बायका कंबरदुखी विसरल्या. रक्तदाब तपासला, दाब किती ठेवायचा ते मोजून ठरवून दिलं, खरा पट्टा दिला, मिनिटं आणि दिवस नेमून दिले, आणि मुंग्या आल्या की ताबडतोब सोडायचा अशी शपथ घ्यायला लावली. पुरसोबाबांनी शपथ घेतली आणि पाळलीही. खात्याचा माणूस, मीटरपुढे नमतो.

पण सिद्धान्त त्यांनी आपला केला. मला समोर बसवून सांगितला.

"हे बघ मुकुंदा. मेंदू म्हणजे सबस्टेशन. हात म्हणजे वाडा. आता वाड्याची लाइन अर्धी अडवली. पंखे हळू झाले. लोक काय करणार?"

"घाम पुसणार."

"फोन करणार मरे. सबस्टेशनाला फोनावर फोन. सबस्टेशनातला माणूस कदेलावर बसल्याबसल्या झोपलेला असतो, तो खडबडून जागा होतो. हा तो व्यायाम."

"पण काम तर हातच करतो ना?"

"काम हात करता. जागो जाता तो मेंदू."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते पोदेराला, पोस्टमनला आणि कुळागरात नारळ पाडायला आलेल्या माणसाला ऐकवलं. तो माडावर होता, त्याला पळूनही जाता येईना.

जागा झालेला मेंदू खरंच जागा आहे की नाही हे तपासायला काहीतरी आठवून बघायला हवं. म्हणून यादी. दुसरं कुणी पाढे म्हटले असते, रामरक्षा म्हटली असती. पुरसोबाबांना खांब पाठ. आणि खांब आठवला की आकडा आठवायचा, आणि आकडा आठवला की तो टाकणारा. गावात खळबळ माजली. कमिटीचे अध्यक्ष फणस घेऊन आले आणि म्हणाले, "पुरसोबाब, ह्या वयार इतकी मेहनत कित्याक?" विठूच्या सुनेने पातोळ्या पाठवल्या. भटजींनी तर सुचवलं की प्राणायाम मौनात केला तर जास्त फळ देतो. पुरसोबाबांनी फणस खाल्ला, पातोळ्या खाल्ल्या आणि दुसऱ्या खेपेला यादी खालच्या वाड्यावरून उलटी म्हटली. उलटी म्हणणं मेंदूला जास्त चांगलं, असं त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

आता हे सगळं मी शिल्पाला कळवत होतो. "बरे आहेत" एवढ्यावर कसं भागणार? तिला पट्टा समजावून सांगा, सबस्टेशन समजावून सांगा, डॉक्टरबायने दिलेली मर्यादा सांगा. आयतवारच्या फोनला बुधवारचा फोन जोडला गेला. ती पुण्यात हसायची, मग काळजी करायची, मग मला ओरडायची. मी अंगणातल्या माडाखाली उभा राहून ऐकायचो. माझ्या बायकोला वाटायला लागलं की माझं कुठेतरी काहीतरी चाललंय. इतका वेळ मी कुणाशी बोलल्याचं तिने लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

आणि मग दूध करपलं. पुरसोबाब सोप्यावर, यादी ऐन रंगात, आत गॅसवर दुधाचं टोप. माझ्या नाकाला आधी कळलं. धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हा टोपाचा तळ कोळशासारखा झाला होता. तीस वर्षांपूर्वी चतुर्थीला गणपतीवरच्या कुणाच्या माटोळीत किती बल्ब होते ते ज्याला आठवतं, त्याला पाच मिनिटांपूर्वीचं दूध आठवत नव्हतं.

सांगावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला. मग सांगितलं. शिल्पा म्हणाली, "देवळाच्या काल्याला येते मी. स्वतः बघते. डोकं ठीक नाही असं वाटलं तर तिथूनच घेऊन येणार त्यांना."

त्या दिवशी त्यांच्या हातचा चहा मी अर्धाच प्यायलो. ते विचारत होते, "साखर कमी पडली?" मी म्हटलं, "नाही." माझ्या एका फोनने या माणसाचं घर बंद होणार होतं आणि तो मला साखर विचारत होता.

देवळाच्या काल्याला आमच्याकडे नाटक असतं. गावचेच नट, संगीत नाटक, बायकांची कामं करायला तेवढ्या फोंड्याहून एक बाई येतात. मी राजा. एरवी न बोलणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा मुकुट घालून बोलायला लावायचं, ही कमिटीची जुनी खोड. पुरसोबाब प्रॉम्प्टर. विंगेत बॅटरी घेऊन बसणारा, सगळ्यांचं भाषण सगळ्यांच्या आधी म्हणणारा. शिल्पा येऊन तेच बघणार होती. तिथे पान चुकलं, ओळ विसरली, की पुणे.

हे मी त्यांना सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "शिल्पा येतेय नाटकाला." ते म्हणाले, "मग तुझी ओळ पाठ हवी." आणि तालमीच्या आधी माझ्याच दंडाला पट्टा बांधला. मी नको नको म्हणत होतो. हवा भरली, हातात तांदूळ दिले. हात पेटल्यासारखा जळायला लागला. समोर ते माझं भाषण म्हणतायत, मी त्यांच्या मागून म्हणतोय, आणि मधूनच ते म्हणतात, "लोड आला? आता फेज बघ. गेली? गेली तर सांग, घाबरू नको." डॉक्टरबायला हे कळलं असतं तर तिने दोघांनाही पलंगाला बांधलं असतं. एकच दिवस हा प्रकार झाला. पण त्याने काम केलं. माझ्या मेंदूत काहीतरी पक्कं बसलं.

नाटकात दुसऱ्या अंकात माझी जागा आली. "प्रधानजी, आमची मती कुंठित झाली आहे." समोर सगळं गाव, दुसऱ्या रांगेत शिल्पा. आणि मी राजाच्या गंभीर आवाजात म्हणालो, "प्रधानजी, आमची एक फेज गेली आहे."

मग मांडव उठून हसला. प्रधान झालेला आमचा तलाठी सिंहासनामागे जाऊन हसू लागला आणि राज्य काही काळ प्रधानाविना चाललं. विंगेतून पुरसोबाबांचा आवाज आला, "पुढे चल रे, पुढे चल. अरण्यात जाऊ द्या मला." तो शेवटच्या रांगेतल्या सुपारी कातरणाऱ्या म्हाताऱ्यांनाही ऐकू गेला. तिथून पुढे ते थांबलेच नाहीत. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि माझं, प्रधानाचं, सेनापतीचं, सगळ्यांचं म्हणत गेले. फोंड्याच्या बाई शेवटी विंगेकडे वळून म्हणाल्या, "बाबा, माझ्यासाठी काही ठेवा." त्याला टाळ्या पडल्या.

शिल्पा रंगमंचाकडे बघतच नव्हती. ती विंगेकडे बघत होती. तिसऱ्या अंकात ओढणीने डोळे पुसत होती. ते हसून, की कशाने, ते मला मुकुटाखालून दिसलं नाही.

तिने कसर ठेवली नाही. म्हापशाला एका मेंदूच्या डॉक्टरकडेही त्यांना नेऊन आणलं. निकाल असा की डोकं वयाच्या मानाने उत्तम, कान थोडे मंद, म्हणून आवाज मोठा. दूध कुणाचंही करपतं. शिल्पाने आपोआप बंद होणारी शेगडी आणून बसवली. जायच्या दिवशी बस येईपर्यंत आम्ही तिठ्यावर उभे होतो. ती म्हणाली, "दादा, तुला फार त्रास दिला. बाबा ठीक आहेत, इथेच राहू देत. आता मी उगाच फोन करत बसणार नाही. काही झालं तरच कळव."

मी जवळजवळ पळत आलो. या वयात आणि माझ्या स्वभावात पळणं बसत नाही, पण पळालो. छातीवरचं ओझं उतरलं होतं. हेरगिरी संपली, घर उघडं राहिलं, चहा पुन्हा गोड लागणार होता.

पुरसोबाब सोप्यावर होते. दंडाला पट्टा, हातात तांदूळ.

"राहायचं इथेच," मी म्हटलं. "शिल्पाने सांगितलं. कुठे जायचं नाही तुम्ही."

"बरें जालें," ते म्हणाले. तांदूळ खाली ठेवले. हवा सोडली. यादी सुरू झाली नाही.

पट्टा दंडावरून काढत म्हणाले, "म्हणजे बुधवारी फोन करणार नाही ती?"

"नाही."

"आयतवारी?"

"नाही. काही झालं तरच." आणि मग माझ्या लक्षात आलं की बुधवार आणि आयतवार मी त्यांना कधीच सांगितले नव्हते. "तुम्हाला माहीत होतं?"

"फोन आला की तू माडाखाली जातोस आणि माझ्या घराकडे पाठ करतोस. मला काय कळत नाही?"

ते माझ्याकडे न बघता पट्ट्याची घडी घालत होते.

"पहिल्यांदा खरंच डोक्यासाठी केलं मरे. तुझी काकी गेल्यापासून भीती वाटत होती. मग बघितलं, आधी तुझं बोलणं एका मिनिटात संपायचं. पट्टा बांधला त्या आठवड्यात तू माडाखाली अर्धा तास. यादी म्हटली, पाऊण तास. उलटी म्हटली तेव्हा तुला उभं राहून कंटाळा आला, तू माडाच्या बुडख्यावर बसलास."

"आणि तिने खरंच नेलं असतं तर?"

"म्हणून बेताने. व्होल्टेज वाढलं तर बल्ब उडतो, कमी पडलं तर पेटत नाही. दुधाचं मात्र खरंच विसरलो. त्या दिवशी घाबरलो."

"पुरसोबाब, तुम्हीच का करत नाही तिला फोन?"

"केला होता. हॅलो शिल्पा म्हटलं. ती म्हणाली, काय झालं बाबा? म्हटलं, काही नाही. मग ती गप्प, मी गप्प. काही नाहीच्या पुढे काय बोलायचं ते तुझ्या काकीला येत होतं."

मी आयुष्यात थोडं बोललो आणि जे बोललो ते बहुतेक खरं बोललो. याचा मला आतून जरा अभिमानही होता. पण त्या सकाळी मी खिशातून फोन काढला आणि शिल्पाचा नंबर लावला. तिची बस अजून सावंतवाडीलाही पोचली नसेल.

"स्पीकरार घाल," पुरसोबाब हळूच म्हणाले. "पण हांव हांगा आसां म्हूण सांगू नाका."

ते इथेच बसलेत हे सांगायचं नाही, असं ठरवून मी फोन सोप्यावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला.

"दादा? काय झालं?"

"झालं काही नाही गो," मी म्हणालो. "म्हणजे तसं झालंय थोडं. आता म्हणतात पट्टा बांधून अंगणात मागे मागे चालायचं."

"मागे मागे? गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस?" आणि ती सुरू झाली. गुडघा, अंगणातलं शेवाळ, डॉक्टरबाय, मी शेजारी असून काय उपयोग. पुरसोबाबांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते, ती बोलायच्या आधीच तिचं बोलणं म्हणत असावेत. पाच-सहा मिनिटांनी तिचा आवाज जरा उतरला. "आणि जेवण? मी नसताना जेवतात ना नीट?"

ती यायच्या आदल्या दिवशीच त्यांनी आमच्याकडे इसवण माशाची आमटी दोनदा वाढून घेतली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी डोळे न उघडता बोट हलवलं. नाही.

"तू नसलीस की पेज तेवढी घेतात हल्ली," मी म्हणालो.

"पेज? दादा, नुसत्या पेजेवर माणूस कसा राहणार? तू काय करतोस तिथे?"

पुरसोबाबांनी दोन्ही पाय वर सोप्यावर घेतले, पाठ भिंतीला टेकली, आणि फोन माझ्याकडून जरासा आपल्या बाजूला सरकवला.